बाराबंदीभोवतीचा उजेड

सिद्धेश्वर यात्रेचे कृष्णधवल फोटो मऊ, धूसर, स्वप्नात पाहिल्यासारखे दिसावेत हे बरेच दिवस मनात होतं. पांढऱ्या बाराबंदीतले (बंदांनी बांधायच्या अंगरख्यातले) भाविक, गर्दीतून उंच निघणारे सात नंदीध्वज (सजवलेल्या काठ्या), संक्रांतीच्या दिवसांतलं तिरकं ऊन. या गर्दीतून रंग काढले की नजरेत भरतो तो पांढराच. असा फोटो जमला तर सुंदर दिसणार याची खात्री होती, पण तो जमवायला मला बराच काळ लागला. सोलापुरात यात्रेचे फोटो काढणारे खूप आहेत, त्यांच्यातल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर गिंप, फुकट मिळतं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

आधी रंग काढणं. बहुतेक जण एक बटण दाबून मोकळे होतात. त्यात सॉफ्टवेअर ठरलेल्या प्रमाणात रंग मिसळतं: साधारण 72 टक्के हिरवा, 21 लाल, 7 निळा. माणसाचा डोळा हिरव्याला जास्त दाद देतो म्हणून हे प्रमाण. यात्रेच्या फोटोला ते चालत नाही. नंदीध्वजावरचे झेंडूचे हार आणि मागचं आकाश एकाच करड्या रंगात विरघळतात. मी मोनो मिक्सर (हे प्रमाण स्वतः ठरवायची सोय) उघडून लाल 60, हिरवा 30, निळा 10 असं ठेवलं. लाल वाढला की आकाश गडद होतं, झेंडू उजळतो आणि उन्हातली कातडी नितळ दिसते. तिन्हींची बेरीज 100 च्या वर गेली की बाराबंदीच्या चुण्या पांढऱ्यात जळून जातात, तेवढं बघायचं. पुढचा सगळा खेळ त्या चुण्यांवर आहे.

मग धूसरपणा. यासाठी ज्याचं नाव घेतलं जातं तो मायकेल ऑर्टन, कॅनडाचा फोटोग्राफर. 1980 च्या दशकात तो एकाच दृश्याच्या दोन स्लाइड (पारदर्शक फिल्म) काढायचा, एक स्पष्ट आणि एक फोकसबाहेरची, दोन्ही मुद्दाम जास्त उजेड देऊन. एकीवर एक ठेवल्या की दोन्हींची घनता एकत्र होऊन चित्र गडद होणार, म्हणून तो आधीचा जादा उजेड. कॉम्प्युटरवर हेच करायचं तर लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत काढायची, तिला गॉशियन ब्लर देऊन ती धूसर करायची आणि त्या वरच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी करायची. मी केलं. फोटो मऊ झाला खरा, पण त्यातला जीव गेला. काळे केस पांढऱ्या कपड्यांवर ओघळले, कपड्यांचा पांढरा मळका झाला, नंदीध्वजाची काठी पुसट झाली.

कारण कळलं ते जुन्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड टिपणाऱ्या) फिल्मबद्दल वाचताना. कोडॅकची एचआयई नावाची फिल्म होती, 2007 मध्ये बंद झाली. इतर फिल्ममध्ये उजेड मागून परतू नये म्हणून एक थर असतो, तो हिच्यात नव्हता. प्रखर उजेड फिल्ममधून आरपार जायचा, मागच्या पट्टीवर आपटून परत यायचा आणि पांढऱ्या भागांभोवती झळाळी पसरायची. म्हणजे पसरायचा तो फक्त उजेड. काळं जागच्या जागी राहायचं. माझ्या ब्लरमध्ये दोन्ही पसरत होते.

म्हणून पद्धत बदलली. वरच्या लेयरला ब्लर देण्याआधी कर्व्ह्ज (उजेड-अंधार कमीजास्त करायची सोय) उघडून मधल्या करड्यापासून खालचं सगळं पूर्ण काळं केलं. उरल्या फक्त बाराबंद्या, झेंडू आणि मंदिराच्या तलावावरची चमक. मग ब्लर दिला आणि लेयरचा मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळायची रीत, स्क्रीन केला. स्क्रीनमध्ये काळ्याचा खालच्या चित्रावर काहीच परिणाम होत नाही, पांढरा मात्र भर घालतो. एकाच ब्लरने झळाळी चिकटवल्यासारखी दिसते, म्हणून दोन लेयर केले: एकाला 10 पिक्सेलचा ब्लर, दुसऱ्याला 60 चा, दुसऱ्याची ओपॅसिटी बरीच कमी. हे आकडे 6000 पिक्सेल रुंद फोटोचे. फोटो 2000 चा असेल तर तिसरा हिस्सा घ्या.

पहिला मनासारखा फोटो आमच्या शेजारच्या काकांना दाखवला. ते दरवर्षी बाराबंदी घालून मिरवणुकीत चालतात, फोटोत मधोमध तेच होते. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, म्हणाले, "छान आहे रे. पण मला ओळखू तर येऊ दे की. कापडच दिसतंय सगळं."

खरं होतं. कपाळावरच्या विभूतीचे पट्टे त्या झळाळीत बुडाले होते. दोन्ही लेयरना मास्क (लेयरचा हवा तो भाग झाकायची सोय) लावला आणि मऊ ब्रशने चेहऱ्यावरून, मग हातांवरून झळाळी हळूहळू उतरवली. पूर्ण काढली तर चेहरा कापून डकवल्यासारखा दिसतो, थोडी राहू द्यावी लागते. विभूतीच्या तीन रेघा वेगवेगळ्या दिसायला लागल्या तिथे थांबलो. बाराबंदीच्या कडा उजेडात विरलेल्या आणि डोळे मात्र स्पष्ट, असा तो फोटो आता आहे. माझ्या मते या प्रकारात एक तरी जागा धारदार हवीच. नाहीतर बघणाऱ्याला वाटतं फोकस चुकला.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. तलावाच्या पाण्यावर पट्टे उमटत असतील तर फाइल 8 बिटची आहे, तिच्यात करड्याच्या 256 च छटा असतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) घेऊन 16 बिटमध्ये काम करा आणि शेवटी थोडा ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाका.

काकांना प्रिंट दिला तो मॅट कागदावर. मॅटवर काळा रंग जरा फिका उतरतो, म्हणून प्रिंटसाठी वेगळी फाइल करून सावल्या आणखी गडद केल्या. त्यांनी तो देवघराशेजारी लावलाय.

आता हीच पद्धत भुईकोट किल्ल्यातल्या झाडांवर करायचीय, पिवळा-हिरवा वाढवून पानं उजळ आणि आकाश काळं. उन्हाळ्यात ते होणार नाही. मे महिन्यात आपल्याकडचं आकाश इतकं पांढरं असतं की गडद करायला त्यात निळा उरतच नाही. पाऊस संपून हवा धुतली गेली की कॅमेरा घेऊन जाणार आहे.