अपघाताच्या आदल्या दिवशी

सोमवार

आजचा दिवस एका छपराच्या फोटोंवर गेला. प्रकरण कुठलं, कुणाचं, ते इथे लिहिणार नाही. पण असं छप्पर स्कॉटलंडमध्ये कितीतरी शेतांवर आणि जुन्या कारखान्यांवर दिसतं. सिमेंटचे पन्हाळी पत्रे आणि मधे मधे उजेडासाठी बसवलेले प्लॅस्टिकचे. नवे असताना हे प्लॅस्टिकचे पत्रे लगेच ओळखू येतात. मग इथल्या ओल्या हवेत त्यांच्यावर शेवाळ चढतं, कधीतरी कुणी वरून रंग मारतं, आणि वर चढलेल्या माणसाला सगळं छप्पर एकसारखं राखाडी दिसतं. तो गळती बुजवायला गेलेला असतो. खाली काँक्रीट असतं.

मी प्रोक्युरेटर फिस्कलच्या कार्यालयात काम करते. म्हणजे सरकारी वकील, पण आपल्याकडच्यापेक्षा कामाचा पसारा वेगळा. इंग्लंडमध्ये हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एचएसई, ही कामावरच्या सुरक्षेवर देखरेख करणारी सरकारी संस्था, स्वतःच कोर्टात जाते. स्कॉटलंडमध्ये तिचे निरीक्षक तपास करतात, अहवाल आमच्याकडे पाठवतात, आणि खटला भरायचा की नाही ते आम्ही स्कॉटलंडच्या सर्वोच्च सरकारी वकिलाच्या, म्हणजे लॉर्ड अ‍ॅडव्होकेटच्या वतीने ठरवतो. शिवाय इथे कोरोनर नसतो. अचानक झालेल्या, कारण न कळलेल्या मृत्यूचा तपासही फिस्कलकडेच येतो. त्यामुळे एकाच माणसाच्या मृत्यूकडे मला दोन प्रकारे पाहावं लागतं, कधी गुन्हा म्हणून, कधी चौकशी म्हणून.

कामावरच्या सुरक्षेचा १९७४चा कायदा वरवर साधा आहे. कामावरच्या माणसांना आणि कामामुळे ज्यांना झळ पोहोचू शकते अशा इतरांना, वाजवीपणे शक्य असेल तितकं धोक्यापासून दूर ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. ते मोडलं की गुन्हा झाला, कुणी मेलं असो वा नसो. आणि आणखी काही करणं शक्य नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर.

म्हणजे खटल्यासाठी मला अपघाताच्या आदल्या दिवशी जाऊन उभं राहावं लागतं. छप्पर अजून अखंड आहे, माणूस जिवंत आहे. मालकाला त्या दिवशी काय माहीत होतं? काय माहीत असायला हवं होतं? शिडी कुणी लावली, जाळी मागवली होती का, फळ्या होत्या का? मृत्यूनंतर सगळ्यांनाच सगळं स्पष्ट दिसतं. तो उजेड मला वापरायचा नसतो.

रात्री बाबांशी फोनवर बोलले. ते भोसरीला एमआयडीसीत फिटर होते, निवृत्त होईपर्यंत. प्रकरणाबद्दल काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "बाबा, तुम्ही पत्र्यावर चढायचात तेव्हा कसं चालायचात?"

"बोल्टच्या रांगेवरून," ते लगेच म्हणाले. "बोल्ट तिथे खाली लोखंड. रांग सोडायची नाही. आम्हाला एवढंच शिकवलेलं."

हेच मी इथल्या छपरावर काम करणाऱ्या माणसांच्या जबाबांत वाचलं आहे, जवळजवळ याच शब्दांत. दोन देश, दोन कायदे, आणि जीव सांभाळायची युक्ती तीच, एकाने दुसऱ्याला तोंडी सांगितलेली. पावलाएवढ्या रुंदीची. तोल गेला, हातातलं सामान सरकलं, की संपलं. एचएसईचं मार्गदर्शन याच सवयीच्या विरुद्ध आहे. नाजूक छपरावर चढूच नका, खालून किंवा लिफ्टिंग प्लॅटफॉर्मवरून काम करा. चढावंच लागलं तर फळ्या, कठडे आणि जाळी. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जाळी आमच्याकडे कुणी पाहिलीच नव्हती गं."

मंगळवार

निरीक्षकांबरोबर दोन तास बसले. स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यात एका साक्षीवर भागत नाही. गुन्हा घडला आणि तो आरोपीनेच केला, याला दोन स्वतंत्र ठिकाणांहून आधार लागतो. म्हणून फोटो कुणी काढला, तेव्हा बाजूला कोण होतं, मोजमाप कुणी लिहून घेतलं, हे सगळं विचारत बसावं लागतं. वेळ जातो. आज एक दुवा पक्का झाला.

बुधवार

संध्याकाळी ग्लासगोत मेरीहिलला उतरून स्टॉकलाइन कारखान्याच्या जागेपर्यंत चालत गेले. मी या कामाला लागले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं होतं, इथे आधी जाऊन ये, मग फाइली वाच.

११ मे २००४ला दुपारी बाराच्या सुमारास ही चार मजली इमारत कोसळली. नऊ जण गेले. एलपीजीची एक धातूची नळी १९६९मध्ये बसवली होती. पुढे आवाराची पातळी उंचावली तेव्हा ती मातीखाली गेली आणि तिथेच गंजत राहिली. गॅस गळून तळघरात साठला आणि पेटला. २००७मध्ये कारखान्याच्या दोन कंपन्यांना मिळून चार लाख पौंड दंड झाला, आणि लॉर्ड गिल यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २००९मध्ये आला.

त्या अहवालातली एक गोष्ट मला सोडत नाही. १९८८मध्येच ही नळी उकरून तपासावी असा सल्ला दिला गेला होता. सोळा वर्षं आधी. उकरली गेली नाही. म्हणजे इथे आदल्या दिवशी जाऊन उभं राहायचं तर तो आदला दिवस १९८८पासूनच सुरू होतो. त्या सल्ल्याचा नेटाने पाठपुरावा झाला नाही, नियंत्रकांकडूनही नाही. आमच्यासारख्यांनी हे विसरता कामा नये. कारखान्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. फाइलवर "कार्यवाही पूर्ण" असं लिहिलेलं असतं तिथे खरोखर माती उकरली गेली का, हे विचारणं हेही आमचंच काम.

अहवालानंतर देशभर जमिनीखालच्या अशा धातूच्या नळ्या काढून प्लॅस्टिकच्या टाकायचा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्यामुळे कुठलं तरी आवार फुटलं नाही, पण कुठलं, ते कुणाला कधीच कळणार नाही.

तिथे आता स्मृतिउद्यान आहे. वारा फार होता, जास्त वेळ थांबले नाही.

गुरुवार

आज एका तरुण सहकाऱ्याशी वाद झाला, चांगल्या अर्थाने. विषय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा शेव्हरॉन निकाल. उत्तर समुद्रातल्या कॅप्टन या तेलमंचावर २०१३मध्ये निरीक्षकांना हेलिडेककडे, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायच्या जागेकडे, जाणारे जिने आणि पायाखालच्या जाळ्या गंजलेल्या दिसल्या. त्यांनी बंदीची नोटीस बजावली. कंपनीने नंतर ते धातूचे भाग किनाऱ्यावर नेऊन तपासले, आणि ते ताकदीच्या कसोटीला उतरले. अपिलात प्रश्न असा होता की न्यायाधिकरणाने फक्त नोटीस दिली त्या घटकेला निरीक्षकाला माहीत असलेलं किंवा कळू शकणारं पाहायचं, की नंतरच्या चाचणीचा निकालही? इंग्लंडच्या अपील न्यायालयाने वेगळ्या प्रकरणात पहिली बाजू घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने दुसरी घेतली. त्या दिवशी तो भाग प्रत्यक्षात कसा होता हेच महत्त्वाचं, आणि ते सांगणारा पुरावा नंतर आला तरी चालतो.

सहकाऱ्याचं म्हणणं, यामुळे निरीक्षक कचरतील. मला तसं वाटत नाही. पाय ठेवला तर जाळी तुटेल असं वाटलं तर जिना बंद करायलाच हवा. नंतर ती मजबूत निघाली तर नोटीस रद्द होईल, पण त्या सकाळी जिना बंद करणाऱ्याला कमीपणा येत नाही. असं मी म्हणाले आणि त्यावर ठाम आहे.

बोलताना लक्षात आलं, मागाहून कळलेल्या गोष्टींना आमच्या कायद्यात तीन वेगवेगळ्या जागा आहेत. खटल्यात मालकाचं वागणं तोलताना त्यांना दार बंद. नोटिशीच्या अपिलात दार उघडं. आणि प्राणघातक अपघाताच्या चौकशीत तर कायदाच त्यांना हाताला धरून आत आणतो.

ही चौकशी स्कॉटलंडची जुनी गोष्ट आहे, तिचा पहिला कायदा १८९५चा. आताचा २०१६चा. काम करताना अपघाती मृत्यू झाला तर ती बंधनकारक. फौजदारी खटल्यात किंवा कायद्यात नमूद केलेल्या दुसऱ्या एखाद्या चौकशीत सगळी परिस्थिती पुरेशी उघड झाली असेल तरच लॉर्ड अ‍ॅडव्होकेट ती टाळू शकतात. ती शेरीफपुढे चालते. इथला शेरीफ म्हणजे न्यायाधीश, मुंबईच्या नगरपालासारखं मानाचं पद नव्हे. दोष कुणाचा, हे तो ठरवत नाही. कोणती खबरदारी वाजवीपणे घेता आली असती आणि तिने मृत्यू खरोखर टळू शकला असता, हे तो सांगतो. आणि कलम २६ स्पष्ट म्हणतं की असं होईल हे आधी कळण्यासारखं होतं की नाही, याने फरक पडत नाही.

वरातीमागून घोडं, असं कुणी म्हणेल. पण पुढची वरात निघायची असते ना.

शुक्रवार

दुसरी फाइल. शेतावरचा मृत्यू, शेणाच्या खड्ड्यातला वायू. शेणाचा द्रव ढवळला की हायड्रोजन सल्फाइड उसळतो. कमी असताना सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. माणूस पडतो, त्याला काढायला गेलेलाही पडतो. हा शेतकरी स्वतःचाच मालक होता. खटला भरायला कुणी नाही. पण तो स्वतःच्या व्यवसायाचं काम करताना गेला, म्हणून चौकशी होणारच, आणि हे मला या कायद्याचं फार मोठं औदार्य वाटतं. राज्य म्हणतं, ज्याला कुणी मालक नव्हता त्याच्याही मृत्यूचं कारण आम्ही भर कोर्टात विचारू.

आज त्याच्या पत्नीला भेटले. तिने बराच काळ वाट पाहिली आहे, आणि ते तिने शांतपणे, थेट सांगितलं. मी सबबी दिल्या नाहीत. पुढे काय होईल ते क्रमाने सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला. पट्ट्याला अडकवायचा वायूमापक त्याच्याकडे असता तर तो वाचला असता का?

खटल्यात हा प्रश्न मला कदाचित विचारताच आला नसता. चौकशीत येतो. पण उत्तर सोपं नाही. मापक वाजेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. ढवळण्याआधी जनावरं बाहेर काढणं, वारा असलेला दिवस निवडणं, यंत्र सुरू केल्यावर दूर राहणं आणि गोठ्यात परत न जाणं, हे आधी. मापक असेल तर त्याच्या जोडीला, त्याऐवजी नाही. हे सगळं तज्ज्ञाकडून पुराव्यात यायला हवं, नाहीतर शेरीफला शिफारस करताच येणार नाही. मी तिला असंच सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं.

शिफारस झाली तर ती कुणाला उद्देशून, हा मोठा प्रश्न आहे. कायद्याने शेरीफ चौकशीतल्या पक्षांना शिफारस करू शकतो, आणि असे मृत्यू टाळण्यात ज्याचा संबंध येतो अशा संस्थेलाही. चौकशीत पक्ष असलेल्याला ती मिळाली की आठ आठवड्यांत लेखी उत्तर द्यावं लागतं. काय केलं, काय करणार, किंवा काहीच करणार नसेल तर का नाही. उत्तर प्रसिद्ध होतं. शिफारस पाळलीच पाहिजे असं मात्र बंधन नाही. ते असावं असं मला वाटतं, निदान जिथे एकाच प्रकारचे मृत्यू पुन्हा पुन्हा होतात तिथे.

या फाइलमध्ये मालकच गेला आहे, तेव्हा उत्तर देणारं कुणी हवं असेल तर ते आत्ताच शोधायला हवं. ढवळणी यंत्रं बनवणारे, शेतकऱ्यांच्या संघटना, कृषी महाविद्यालयं. त्यांच्यापैकी कुणाला चौकशीत पक्ष म्हणून बोलावता येईल, याची यादी अर्धी झाली आहे. सोमवारी तज्ज्ञाला पत्र जाईल, त्याआधी ती पूर्ण करायची आहे.