जैतुनांच्या डोंगरावरून पायी: पुनरुत्थानाच्या आशेची वारी

बेथानीला आता अल-ऐझरिया म्हणतात. जैतुनांच्या डोंगराच्या पूर्व उतारावरचं हे गाव यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटर. पण मधे काँक्रीटची उंच भिंत उभी राहिल्यापासून डोंगरावरच्या बेथफगे गावाकडे जाणारी जुनी सरळ वाट बंद झाली आहे, त्यामुळे आम्हाला बसनं मोठा वळसा घ्यावा लागला. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण करणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदला शनिवार होता. चौथ्या शतकात एजेरिया नावाची एक स्त्री दूर पश्चिमेकडून इथे यात्रेला आली होती. तिच्या टिपणांत आहे, की याच शनिवारी यरुशलेमचे ख्रिस्ती, येशूनं मेलेल्यातून उठवलेल्या लाजरच्या कबरेपाशी जमायचे, आणि गर्दी एवढी व्हायची की आजूबाजूची शेतंसुद्धा माणसांनी भरायची. आम्ही पोचलो तेव्हा कबरेच्या दाराशी आमच्या गटाशिवाय कुणी नव्हतं.

आजचं दार सोळाव्या शतकात खडक फोडून केलेलं आहे. आत उतरायला अरुंद, उंचसखल २४ पायऱ्या, आणि शेवटी वाकून शिरावं लागेल अशी लहानशी खोली. आमच्यातल्या एक मावशी सत्तरी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघे दुखणारे. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही वरच थांबा, मी तुमच्या नावानं प्रार्थना करून येते." त्या म्हणाल्या, "माझ्या नावानं मीच करते गं, तू फक्त हात दे." एकेका पायरीवर बसत, टेकत त्या उतरल्या.

माझी आई जाऊन फार काळ झालेला नव्हता. त्या खोलीत उभं राहिल्यावर मला लाजरची बहीण मार्था आठवली. भाऊ चार दिवसांपूर्वी पुरलेला, घर सांत्वनाला आलेल्या माणसांनी भरलेलं, आणि येशू येतोय हे कळताच ही उठून गावाबाहेर त्याला गाठते. पहिलंच वाक्य गाऱ्हाण्याचं: प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेबद्दल बोलताना आपण नेहमी तिची स्वयंपाकघरातली लगबग सांगतो आणि तिला तिच्या बहिणीपुढे कमी ठरवतो. मला ते कधीच पटलेलं नाही. भावाच्या मरणानं पोळलेली असतानाही तीच म्हणते, की शेवटच्या दिवशी पुनरुत्थानात तो उठेल हे मला ठाऊक आहे. ही तिच्या लोकांची जुनी आशा होती. दानिएलाच्या पुस्तकात ती आहे, त्या काळच्या यहुदी पंथांपैकी परुशी ती मानायचे आणि सदूकी नाकारायचे. त्या आशेला येशू जे उत्तर देतो त्यावर आमचा सगळा विश्वास उभा आहे: "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." शेवटचा दिवस दूर असेल किंवा जवळ असेल, त्या दिवसाचा धनी तिच्यासमोर धुळीच्या रस्त्यावर उभा होता.

एक गोष्ट मात्र त्या कबरेत मनाशी स्वच्छ झाली, ती इथे सांगते, कारण अंत्यविधीच्या वेळी पुष्कळ जणांची यात गल्लत होते. लाजर जिवंत झाला, पण त्याचं पुनरुत्थान झालं नाही. तो हातपाय बांधलेल्या स्थितीत, तोंडाला रुमाल गुंडाळलेला असा बाहेर आला. दुसऱ्यांना त्याची बंधनं सोडावी लागली. पुढे तो पुन्हा मेला. पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या परंपरेनुसार तो सायप्रसला गेला, तिथे बिशप झाला, आणि लार्नाका शहरात त्याच्या नावाच्या चर्चमध्ये त्याची दुसरी कबर दाखवतात. येशूच्या कबरेत मात्र तागाची वस्त्रं तिथल्या तिथे पडलेली होती. मरणाला पुन्हा कधीही हात लावता येणार नाही असं ते जीवन. आई परत घरी यावी असं मला वाटत होतं, आणि तसं वाटण्यात काही वावगं नाही; पण आमची आशा त्याहून मोठी आहे. तिला आजारपण, म्हातारपण आणि दुसरं मरण सोसायला परत बोलावणं एवढ्यापुरती ती नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेथफगेच्या फ्रान्सिस्कन चर्चपासून चालायला सुरुवात झाली. माणसं कुठून कुठून आलेली. कुणी अरबीतून गातंय, कुणी स्पॅनिशमधून, पुढे पॅलेस्टिनी स्काउट मुलं ढोल आणि बॅगपाइप वाजवत चाललेली. हातात झावळ्या आणि जैतुनाच्या डहाळ्या. वेस्ट बँकमधल्या ख्रिस्ती लोकांना या मिरवणुकीसाठी यरुशलेमात यायलाही परवाना काढावा लागतो. परवाना मिळालेली एक बाई आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन चालत होती आणि थकल्याचं कुठलंही चिन्ह तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. एजेरियानं याच दिवसाच्या मिरवणुकीबद्दल लिहिलंय, की लेकुरवाळ्या, म्हातारे सगळे पायी उतरायचे, आणि लोक दमू नयेत म्हणून हळूहळू चालायचे. मावशींना मी हे सांगितलं. "म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही माझ्या गुडघ्यांची कुणाला तरी काळजी होती," त्या म्हणाल्या आणि काठी पुढे टेकली.

चढ फार नाही. माथ्यावर स्वर्गारोहणाची लहानशी अष्टकोनी वास्तू आहे, आता ती मुस्लिम वक्फच्या ताब्यात असते. जवळच एलिओनाची गुहा. येशूनं शिष्यांना शेवटच्या काळाविषयी इथे शिकवलं अशी फार जुनी परंपरा आहे, आणि कॉन्स्टंटाइनच्या काळात या गुहेवर चर्च बांधलं गेलं होतं. जागृत राहा, कारण तो दिवस किंवा ती घटका तुम्हाला ठाऊक नाही, हे शब्द या डोंगरावरचे. दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखलाही इथलाच. आणि याच माथ्यावरून येशू वर घेतला गेल्यावर शिष्य आभाळाकडे टक लावून उभे राहिले, तेव्हा शुभ्र वस्त्रांतल्या दोघांनी त्यांना विचारलं, की तुम्ही आकाशाकडे पाहत का उभे आहात?

सज्जतेबद्दल जे काही मला समजलं ते या शेजारी शेजारी असलेल्या दोन जागांमुळे. एका जागी सांगितलं, जागे राहा. दुसऱ्या जागी सांगितलं, नुसते बघत उभे राहू नका. हे दोन्ही एकत्र धरून जगणं अवघड आहे, म्हणून माणसं एक सोडतात. काही जण तारखा काढत बसतात. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या मागे हजारो लोक गेले आणि २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी प्रभू येणार म्हणून वाट पाहत राहिले. काहींनी शेतातली पिकंही काढली नव्हती. तो दिवस गेला, आणि पुष्कळांचा विश्वास मोडला. मला त्या लोकांची चेष्टा करवत नाही. त्यांची ओढ खरी होती. पण ज्यानं स्वतः सांगितलं की तो दिवस पित्यावाचून कुणालाही माहीत नाही, त्याच्याच वचनांतून गणित मांडायचं, हे मला पटत नाही. दुसरीकडे, "दोन हजार वर्षं झाली, कुठे काय येतंय" असं म्हणत निवांत झालेली माणसंही मला ठाऊक आहेत, आणि ती रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी चुकवत नाहीत.

दहा कुमारींच्या दाखल्यात एक बारीक गोष्ट आहे. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या. शहाण्या पाच जणीही! प्रभू झोपेला दोष देत नाही. फरक होता तो भांड्यातल्या तेलाचा, आणि ते तेल शेवटच्या क्षणी दुसरीकडून उसनं घेता येत नव्हतं. त्याच्या आधीच्या दाखल्यात विश्वासू दास कोण, तर धनी परत येईल तेव्हा घरातल्यांना वेळेवर जेवायला देताना सापडेल तो. म्हणजे रोजचं नेमून दिलेलं काम करताना सापडणं. माझी आई आठ वर्षं अंथरुणावरच्या माझ्या आजीचं सगळं करत होती. तिनं युगान्तावर कधी चर्चा केली नाही. त्या उतारावर मला तिच्याबद्दल फार निश्चिंत वाटलं.

उतरताना डावीकडे पसरलेलं यहुदी कबरस्तान. सुमारे तीन हजार वर्षांपासून इथे दफनं होत आली आहेत, आणि कबरींची संख्या दीड लाखाच्या आसपास सांगतात. पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा, त्यांवर भेटीला आलेल्यांनी ठेवलेले लहान लहान खडे. मृतांचे पाय मंदिराच्या टेकडीकडे, उठल्यावर सरळ तिकडे चालायला लागता यावं म्हणून. समोर किद्रोन खोऱ्यापलीकडे दगडांनी बुजवलेलं सोनेरी द्वार आणि त्याच्या पायथ्याशी मुस्लिम कबरी. एका खोऱ्याच्या दोन्ही काठांवर माणसं उठण्याच्या आशेनं निजवलेली. आमच्या गटातलं गाणं तिथे आपोआप थांबलं होतं. मग दोमिनुस फ्लेवित, येशू या शहराकडे पाहून रडला त्या जागेचं अश्रूच्या आकाराचं चर्च. का रडला, तर तुझ्यावर देवाची भेट आली तो समय तू ओळखला नाहीस म्हणून. सज्ज नसण्याचं त्याला एवढं दुःख होतं. ते वचन मी लहानपणापासून धमकी म्हणून ऐकत आले, त्या जागी ते विलाप म्हणून ऐकलं.

पुढची वाट गेथशेमाने बागेवरून जुन्या शहराच्या सिंहद्वाराकडे आणि तिथून संत अॅनाच्या चर्चपर्यंत. ती गर्दीत भराभर संपली.

पवित्र गुरुवारी, म्हणजे येशूला अटक झाली त्या रात्रीच्या आठवणीत, गेथशेमानेत पवित्र तास नावाची जागरणाची प्रार्थना असते, तिला आम्ही परत आलो. बागेतल्या काही जैतुनांची खोडं बाराव्या शतकातली आहेत असं शास्त्रीय तपासणीत आढळलं आहे. चर्चच्या आत वेदीसमोर, येशूनं त्या रात्री जिथे प्रार्थना केली असं मानतात, तो खडक. एक घटकाभरही तुम्हाला माझ्याबरोबर जागं राहता आलं नाही काय, हे वाचलं गेलं. पण मला त्या रात्री लूकचा शब्द जास्त लागला. शिष्य का झोपले याचं कारण एकटा लूक देतो: दुःखानं. आळसानं नव्हे, बेपर्वाईनंही नव्हे. आई गेल्यानंतरचे माझे महिने तसेच होते. प्रार्थना होत होती, कामं होत होती, पण आतून मी मिटलेली होते. ज्याला पुढे काहीच दिसत नाही त्याला जागं राहा म्हणून नुसतं दटावून उपयोग होत नाही. त्याला आधी पहाट होणार आहे हे कळावं लागतं. प्रेषित पौलानंही थेस्सलनीकाच्या मंडळीला हेच क्रमानं लिहिलं: आधी, मेलेल्यांविषयी आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, कारण ख्रिस्तात मेलेले उठतील, आणि मग लगेच, म्हणून आपण झोपू नये, जागे राहावं. धाक दाखवून माणसाला सज्ज ठेवणारे उपदेश मी खूप ऐकले आहेत. पौलानं आशा आधी ठेवली, आणि माझ्या मते तो क्रम मोडता कामा नये.

पवित्र तास संपल्यावर मेणबत्त्या घेऊन लोक किद्रोन ओलांडून संत पेत्राच्या गालिकांतु चर्चकडे चालत गेले. चढावर मावशी थांबल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी सांगितलं, की निघण्याआधी त्या दिराकडे जाऊन आल्या. कित्येक वर्षांचा अबोला होता, मालमत्तेवरून. "कोण बरोबर ते बोललोच नाही आम्ही. मी म्हटलं, भावजी, मी यरुशलेमला चालले, तुमच्याशी न बोलता तिथे कुठल्या तोंडानं प्रार्थना करू?" मी विचारलं, "मावशी, म्हणजे मरणाची तयारी करून निघालात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मरणाची कसली तयारी बाळा? तो येणार आहे ना, त्याची."

यरुशलेमात पवित्र कबरेच्या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती समाजांचे हक्क आणि वेळा जुन्या आपसातल्या व्यवस्थेनुसार ठरलेल्या आहेत. त्यामुळे लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, विधीचा पुनरुत्थान जागरणविधी तिथे शनिवारी सकाळीच होतो. जगात इतरत्र रात्र व्हायची असते तेव्हा तिथे रिकाम्या कबरेसमोर आलेलुया गायलेलं असतं. घंटा वाजल्या तेव्हा मावशी आणि मी दोघीही रडलो. नंतर रांगेत उभं राहून आत गेलो. दार ठेंगणं, आत तीन-चार माणसांपुरती जागा, झिजलेली संगमरवरी शिळा. जीर्णोद्धारासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये ती बाजूला केली तेव्हा कित्येक शतकांनंतर प्रथमच खालचा मूळ खडक दिसला होता. मी शिळेवर हात ठेवून आईचं नाव घेतलं. तेवढ्यात सेवकानं पुढे सरकायला सांगितलं.

सोमवारी अम्माऊस, उठलेला येशू ज्या गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटला ते. ते गाव नेमकं कोणतं यावर एकमत नाही. लूकच्या काही हस्तलिखितांत यरुशलेमपासूनचं अंतर ६० स्टेडिया (जुनं ग्रीक माप) आहे, काहींत १६०. आम्ही अबू घोषकडून निकोपोलिसच्या बिझंटाइन अवशेषांकडे जाणारी, सुमारे १८ किलोमीटरची पायवाट धरली. मावशी बसनं पुढे गेल्या. झाडीतून, ओढ्याकाठानं चालताना आमच्यातले फादर त्या दोन शिष्यांबद्दल बोलत होते. "आम्ही आशा केली होती" असं ते वाटेतल्या अनोळखी माणसाला सांगतात, आणि ज्याच्याबद्दल सांगतात तोच त्यांच्याबरोबर पावलं टाकत असतो. भाकरी मोडल्यावर त्यांना ओळख पटते. दिवस उतरलेला, चालून आलेले, तरी त्याच घटकेस उठून ते यरुशलेमला परत निघतात.

अवशेषांमध्ये मिस्सा झाली. जेवताना मावशी म्हणाल्या, "ते दोघं एवढं धापा टाकत बातमी द्यायला आले, आणि बघ, तोंड उघडायच्या आधी अकरा शिष्यच त्यांना सांगतात की प्रभू खरोखर उठला आहे. मला तो भाग फार आवडतो." मग त्यांनी माझ्याकडून दिराचा नंबर लावून घेतला. दिरांना कमी ऐकू येत असावं, कारण मावशी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होत्या, "भावजी, प्रभू उठला आहे हो! ऐकू आलं का?" बस सुटली तरी दोघांचं बोलणं चालूच होतं, आधी पुनरुत्थानाचं, मग नातवाच्या परीक्षेचं.