कुस्कोक्विमकाठचा मूस: पंचेचाळीस-सत्तर आणि दोन पल्ले

अलास्कातल्या अँकरेजहून मॅकग्राथ हे गाव सुमारे २२० मैल, आणि तिथं रस्ता जात नाही. त्यापुढे कुस्कोक्विम नदीच्या एखाद्या उपनदीवर उतरायचं तेही पाण्यावर टेकणाऱ्या, फ्लोटच्या विमानानंच. सप्टेंबरातले दहा दिवस, त्यात निम्मे पावसाचे, आणि काठाला पुरुषभर उंच विलोची झुडपं. मोठ्या बोअरची (रुंद नळीची) लिव्हर रायफल, म्हणजे चापाभोवतीचा दांडा फिरवून काडतूस भरायची, शोभते ती अशाच जागी, कारण इथं बहुतेक बार शंभर यार्डांच्या आत होतात. पण पल्ला दोनदा मोजावा लागतो: नळीपासून मूसपर्यंतचा (मूस म्हणजे पसरट शिंगांचं महाकाय हरीण) आणि मूसपासून विमान टेकेल त्या पाण्यापर्यंतचा. फजिती होते ती बहुधा दुसऱ्यात.

कागदपत्रं आधी. अमेरिकी नागरिकाला अलास्कात मूससाठी गाइडची सक्ती नाही, तपकिरी अस्वलासाठी आहे. अमेरिकेत कायमचं वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकाला मात्र मूससाठीही परवानाधारक गाइड लागतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्यानं बंदूक-काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणून परवाना आधी, रायफलला हात नंतर. परराज्यातल्या नागरिकाला परवाना १६० डॉलर आणि मूसचा टॅग (मारलेल्या जनावराला लावायची खूणपट्टी) ८००. नियम शिकारक्षेत्राच्या उपविभागागणिक बदलतात, काही ठिकाणी बाहेरच्यांना मूस बंदच असतो. जिथं खुला असतो तिथंही शिंगांचा पसारा ५० इंच हवा, नाहीतर एका बाजूला कपाळाजवळची टोकं ठरलेल्या संख्येइतकी, कुठे तीन, कुठे चार. शिंगं समोरून दिसेपर्यंत थांबा. बाजूनं पाहिलं की ४५ इंचीही पन्नाशीचा वाटतो.

प्रवासी विमानात रायफल रिकामी, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून सामानात द्यायची. काडतुसं खोक्यातच, आणि बहुतेक कंपन्यांची मर्यादा ११ पौंड. अस्वलाचा स्प्रे प्रवासी विमानात कुठेच चालत नाही. छोट्या विमानाच्या वैमानिकाला आधी सांगितलं तर तो फ्लोटच्या कप्प्यात टाकतो. उतरल्या दिवशी शिकार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच. तो रिकामा दिवस नेम तपासायला वापरा, प्रवासात साइट हलते.

आता रायफल. .४५-७० हे १८७३चं अमेरिकी लष्करी काडतूस: ७० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) काळी दारू, ४०५ ग्रेनची गोळी. आजच्या मार्लिन १८९५ या लिव्हर रायफलला ते जोरात भरलेलंही झेपतं. जुन्या ट्रॅपडोर स्प्रिंगफिल्ड रायफलमध्ये तसं काडतूस घालाल तर बंदूकही जाईल आणि बोटंही. कारखान्याचं सौम्य ४०५ ग्रेन सुमारे १,३३० फूट प्रति सेकंदानं निघतं. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशेवर गोळी जवळपास दोन फूट खाली. ३२५ ग्रेनची मऊ पॉलिमर टोकाची गोळी २,०५०नं जाते: शंभरावर ३ इंच वर ठेवली तर दोनशेवर ४ इंच खाली, पण तीनशेवर तब्बल २८. ताकद तिथंही उरलेली असते, नेम उरत नाही. आमच्या मते १५० यार्डांपुढे चाप ओढू नये, आणि मोजायचं ते रेंजफाइंडरनं, डोळ्यानं नव्हे. पाण्यापलीकडचा मूस हमखास जवळ वाटतो.

लिव्हर रायफलच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक, मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीला (बुडातल्या स्फोटक प्रायमरला) लागून बसतात. म्हणून गोळी चपट्या नाकाचीच, किंवा मुद्दाम यासाठी केलेल्या मऊ टोकाची. साध्या टोकदार गोळीनं धक्क्यात पुढची टोपी फुटू शकते. सराव सौम्य काडतुसांवर चालेल (जड भरलेली दहा मारली की खांदा पुढच्या बाराआधीच डोळे मिटायला लावतो), पण शेवटचा नेम शिकारीच्याच काडतुसावर बसवा. दोन्हींची गोळी एकाच जागी लागत नाही.

बिघाड तीन. पहिला, अर्धवट लिव्हर. हळूच, आवाज नको म्हणून अर्ध्यातच परत ओढली की पुढचं काडतूस मॅगझिनमधून सुटून कॅरिअरखाली (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीखाली) शिरतं आणि यंत्रणा अडते. मग लिव्हरचा स्क्रू काढून लिव्हर-बोल्ट बाहेर घ्यावे लागतात, तेव्हा त्या स्क्रूला नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर खिशात हवाच. दुसरा, आडवं सेफ्टी बटण. ते लागलेलं असताना घोडा पूर्ण चढतो, पडतो, टक् असा आवाज होतो आणि मूस मान वर करतो. चालताना घोडा अर्धाच चढवलेला (हाफ-कॉक), आणि बटणाबद्दल एकच सवय ठरवून घ्या. तिसरा, ओल. रायफल तंबूच्या उबेत आणू नका, बाहेर आडोशालाच ठेवा, नाहीतर दुर्बिणीच्या काचेवर दव धरतं. नळीच्या तोंडाला इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावला की पाऊस आत जात नाही. बार त्यातून खुशाल होतो.

महिनाअखेरीला माजाचा काळ जवळ येतो. मादीचा लांब कण्हता आवाज काढून, वाळक्या फऱ्याचं हाड झुडपावर घासलं की नर येतो, कधी अर्ध्या तासानं, कधी दुसऱ्या दिवशी. आडवा उभा असताना पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात मारा. गोळी लागली तरी मूस बऱ्याचदा नुसता उभा राहतो. चुकली असं समजून बघत बसू नका, लिव्हर पूर्ण फिरवून दुसरी द्या, तो पडेपर्यंत. आणि पाण्यात उभा असेल तर मारूच नका. कमरेइतक्या थंड पाण्यात ७०० किलोचं धूड सोलणं दोघांच्याच्यानं होत नाही.

इथून दुसरा पल्ला सुरू. मोठ्या नराचं मांस सुमारे ५०० पौंड भरतं. हाडासकट एक मागची मांडीच शंभराच्या वर. दोघांना सात-आठ खेपा धरा. विलो आणि टसॉकच्या (गवताच्या उंचवट्यांच्या) दलदलीत एक मैल म्हणजे अख्खा दिवस, म्हणून विमान टेकेल त्या पाण्यापासून मैलाच्या पुढचा नर कितीही देखणा असो, सोडा. टॅग लगेच लावा. सुती पिशव्या आठ, हाडाची करवत, दोन ताडपत्र्या. मांस आतड्यांपासून शंभरेक यार्ड लांब, उघड्यावर दिसेल असं ठेवा, म्हणजे परतताना अस्वल आहे का ते दुरून कळतं. पिशव्या आडव्या दांडीला टांगा, वर ताडपत्री, बाजू मोकळ्या. वारा लागून वरची साल सुकली की मांस टिकतं. काही उपविभागांत मांस हाडावरच आणायचा नियम आहे, आणि लिंगाचा पुरावा एका भागाला चिकटलेला ठेवावा लागतो. शिंगं शेवटच्या खेपेला. आधी नेली तर गुन्हा.

विमान यायच्या आदल्या संध्याकाळी वजनाचा हिशोब वैमानिकाला कळवा. मांसाची फेरी बहुधा वेगळी होते. रायफल रिकामी करताना नळी मोकळ्या दिशेला धरा आणि काडतुसं मोजा: भरली तितकी बाहेर पडली का, मग चेंबरमध्ये बोट घालून पाहा.