पायाकडे बघणारा उजेड

ऑस्ट्रेलियातल्या चंकी मूव्ह या डान्स कंपनीचं 'ग्लो' बघितलं आणि तेव्हापासून ज्याला त्याला लिंक पाठवतेय. २००६ चं काम, म्हणजे तसं जुनंच, पण कुडाळात बसून मला आत्ता सापडलं. खाली पांढरा चौकोन, त्यावर एकटी नर्तिका, तिच्या वर उंचावर प्रोजेक्टर आणि कॅमेरा, प्रेक्षक वरून बघतात. ती लोळली की अंगाभोवती रेषा पसरतात, थांबली की थांबतात. आणि यातला व्हिडिओ आधी करून ठेवलेला नाहीये! नृत्य गिडियन ओबारझानेकने बसवलं, सॉफ्टवेअर फ्रीडर वाइस या जर्मन इंजिनिअरचं, ते तिची हालचाल बघून तिथल्या तिथे चित्र काढतं. कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर चालतो कारण साधा लावला तर त्याला प्रोजेक्टरचा उजेडही दिसणार आणि शरीर कुठलं नि चित्र कुठलं, सगळा घोळ. किती साधी युक्ती आहे ही!

हालचालीवरून आवाज काढायचं तर त्याहून जुनं. १९६५ ला न्यूयॉर्कमध्ये नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी स्टेजवर अँटेना आणि फोटोसेल (उजेडातला फरक ओळखणारे सेन्सर) लावले होते, नाचणारे त्यांच्याजवळून गेले की त्यातून आवाजाला इशारा मिळायचा.

मला हे परकं वाटलंच नाही, कारण जत्रेतल्या दशावतारात पखवाजवाल्याची नजर कायम पात्राच्या पायावर असते, संवाद लिहिलेले नसतात, राक्षस कधी उसळेल ते आधी ठरलेलं नसतं, तरी पाऊल आणि थाप एकत्रच पडते. मशीनकडूनही मला तेवढंच हवंय. उजेड जरा जरी मागे पडला ना, तर नाचणाराच त्याच्यासाठी थांबल्यासारखा दिसतो आणि सगळी मजा जाते. एलईडी वॉलवर तयार व्हिडिओ लावायचा आणि पोरांनी ठरलेल्या सेकंदाला ठरलेल्या जागी पोचायचं, हे हल्ली स्नेहसंमेलनात पण दिसतं, कष्ट खूप असतात त्यात, पण तिथे शरीर व्हिडिओच्या तालावर चालतं, मला उलटं बघायचंय.

म्हणून डोक्यात एक आहे. एक दशावतारी कलाकार, एक कंटेम्पररी डान्स शिकलेली मुलगी, अंधारा हॉल, डेप्थ कॅमेरा (समोरचं शरीर किती अंतरावर आहे तेही ओळखणारा), लॅपटॉप, प्रोजेक्टर. पखवाज मात्र माणूसच वाजवणार, त्यावर तडजोड नाही. सावंतवाडी, कुडाळ, मालवण या बाजूला कुणाला कॅमेऱ्याचं प्रोग्रॅमिंग जमत असेल तर खाली कमेंट करा, पावसाळ्यात दशावतारी मंडळींचे प्रयोग बंद असतात तेव्हा तालमी करता येतील.