दुगुन हातावर येईपर्यंत: पोरीच्या तबल्याच्या रियाजाचा माझा अनुभव

"दुगुन घरी पक्की करून घ्या." रविवारचा क्लास संपताना ऐकलेलं हे एक वाक्य, आणि त्याच्यापायी आमचे 5 आठवडे गेले. दुगुन म्हणजे हाताने ताल आहे तसाच धरून तबल्याचे बोल तोंडाने दुप्पट वेगात म्हणणं. ती पक्की कशी करून घ्यायची ते कोणी सांगितलं नाही. शिकवणारे तालुक्याहून आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे 6 दिवस चूक पकडणारा माणूस म्हणजे आईबाप, आणि त्यांना स्वतःला सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, कुठे आली ते कळेल तर शपथ. म्हणून हे लिहितो आहे.

पोरगी 9 वर्षांची. परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, म्हणजे पहिली पायरी. तिला लेखी पेपर नसतो. परीक्षकासमोर वाजवायचं, आणि ताल हातावर म्हणून दाखवायचा, आधी ठाय, म्हणजे मूळ संथ लयीत, मग दुगुन. अर्ज, फोटो, फी सगळं केंद्रामार्फत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वाजवणंही वेळेत आलं. अडलं ते हातावरच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी तीनताल असा: धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा. मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, 16. टाळी 1, 5 आणि 13 वर, खाली, म्हणजे टाळीऐवजी तळवा वर उघडणं, 9 वर. मधल्या मात्रा करंगळीपासून बोटांवर मोजायच्या. दुगुनीत हात आहे त्याच चालीने चालतो, तोंड मात्र दुप्पट वेगाने बोल म्हणतं. म्हणजे हाताच्या एका आवर्तनात, तालाच्या एका पूर्ण फेरीत, तोंडाची दोन आवर्तनं. ऐकायला सोपं आहे. पण तोंडाने वेग घेतला की हातही त्याच्यामागे धावतो. ती रडकुंडीला येऊन म्हणायची, "बाबा, हात आपोआप पयते."

आणि खरंच आपोआप पळतो, यात आळस नाही की हट्ट नाही. आमच्याकडची पोरं बोलायला लागल्यापासून भजनात बसतात, आणि भजनात टाळी शब्दाबरोबर पडते. हात आणि तोंड एकाच दाव्याला बांधलेले. दुगुनीला ते दावं सोडवायचं असतं. हे कळायच्या आधी मी तिला रविवारी सलग दीड तास बसवत होतो. दीड तास तीच चूक केली की तीच चूक पक्की होते. त्या दीड तासापेक्षा रोजची 15 मिनिटं बरी, हे मला फार उशिरा पटलं.

मोबाइलच्या ठोक्यावरही भरवसा ठेवू नका. मिनिटाला 60 ठोके लावून दिले, ती म्हणत राहिली, सगळं ठोक्याला धरून बसत होतं आणि मी खूश. पण हात दुप्पट पळत असला तरी प्रत्येक दुसरी मात्रा ठोक्यावरच येते, त्यामुळे चूक कानाला लागतच नाही. ती दिसते डोळ्याला, आणि बघायची जागा एकच: खाली. तोंडाचं पहिलं आवर्तन संपून पुन्हा पहिला धा येतो, त्या क्षणी तळवा आभाळाकडे उघडलेला असला पाहिजे. तिथे टाळी पडली तर हात पळाला. स्वतःला तबला येत नसला तरी हे कोणालाही बघता येतं.

आणखी दोन खुणा आहेत. दुसऱ्या टाळीला, म्हणजे 5 व्या मात्रेवर, तोंडात 'धातिं' यायला हवं. 13 व्या मात्रेवरही 'धातिं'च. सम आणि खाली, दोन्हीवर 'धाधिं'. पोरीला एवढंच पाठ करायला लावलं: धाधिं, धातिं, धाधिं, धातिं. चार खांब उभे राहिले की मधलं भरायला वेळ लागत नाही.

तरी हात काही ऐकेना. सुटलं ते वावराच्या रस्त्यावर. शनिवारी शाळा सकाळची, दुपारी ती माझ्यासोबत वावरात येते. रस्त्यात सांगितलं, टाळी सोड, पाऊल म्हणजे मात्रा, बैलामागे चालतो तसं रमत चाल आणि तोंडाने दुगुन म्हण. पाय पळाला नाही. चालण्याची लय अंगात मुरलेली असते, तोंड तिला सहजासहजी ओढू शकत नाही. दोन शनिवार नुसतं चालणं आणि बोल. तिसऱ्या शनिवारी चालता चालताच 1, 5, 13 ला टाळी आणि 9 ला खाली. मग घरी सपरीत, म्हणजे ओसरीत, जागच्या जागी पावलं टाकून, मग बसून फक्त पायाचा अंगठा हलवत. शेवटी अंगठाही थांबला. असे एकूण 4 शनिवार-रविवार लागले. आधीचे 5 आठवडे वाया, त्याची चिडचिड अजून आहे.

एक राहिलं: तीनतालापासून सुरुवात करू नका. आधी दादरा, धा धी ना । धा ती ना, 6 च मात्रा. मग केहरवा, मग झपताल, मग तीनताल. या चारही तालांत खाली बरोबर अर्ध्यावर येते, अनुक्रमे 4, 5, 6 आणि 9 व्या मात्रेवर. म्हणून 'खालीवर नवा आरंभ' ही एकच खूण चारही ठिकाणी चालते. रूपक मागे ठेवा. तिथे मात्रा 7, दुसरं आवर्तन 4 थ्या मात्रेच्या पोटातून निघतं, मूल पुन्हा गोंधळतं.

गोडी लावण्याबद्दल बरेच सल्ले मिळतात, चॉकलेट, तक्त्यावर चांदण्या वगैरे. आमच्याकडे आठवडाभरात चांदण्या विझल्या. चाललं ते हे: गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिथल्या तबलजींना विनंती केली, प्रार्थनेनंतरच्या एका भजनाला पोरीला ठेका धरू द्या. एकच भजन. पण ते रविवारी आहे हे माहीत असलं की गुरुवारपासून बोट आपसूक ताटावर वाजायला लागतं. घरातही आजीला विद्यार्थी केलं. तुरीच्या शेंगा सोलता सोलता आजी खालीवर मुद्दाम टाळी द्यायची आणि पोरगी तिला रागवायची. दुसऱ्याची चूक पकडताना स्वतःचं पक्कं होतं, आणि कोणी 'रियाजाला बस' म्हणालेलं नसतं.

वाद्याबद्दल. परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत असतात. विदर्भात जमेल तर दुसरं सत्र घ्या, कापसाची वेचणी आड आली तरी. उन्हाळ्यात कोरड्या हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ताणते आणि सूर चढतो. कूलरसमोर बसलात की तीच पुडी ओल ओढून सैल होते, सूर उतरतो. कूलरच्या खोलीत सुरात मिळवलेला तबला अंगणात नेला की पुन्हा बेसूर. वर कूलरच्या घरघरीत डग्गा, म्हणजे जोडीतला डाव्या हाताचा मोठा, ऐकूही येत नाही. मे महिन्यात रियाज पहाटे, उघड्या सपरीत. सूर चढवायला हातोडी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठाच्या चामड्याच्या वेणीवर, वरून खाली, उतरवायला खालून वर, आणि एका घरावर, म्हणजे गजऱ्याच्या एका भागावर, ठोकलं की लगेच समोरच्या घरावर. एकाच बाजूने ठोकत गेलात तर पुडी तिरपी बसते. हातोडी पोराच्या हाती देऊ नका, पुडी फाटली की भरायला जिल्ह्याच्या गावी जावं लागतं.

परीक्षेला एसटीने जाताना तबला मांडीवर, डग्गा पायाशी, दोन्ही गोधडीत वेगळे बांधलेले. खिडकीच्या उन्हात ठेवू नका. केंद्रावर तबला असतो, पण परक्या पुडीवर लहान बोटं अडखळतात. पावडरचा डबा सोबत घ्या, घामेजलेल्या हाताला लागतो, पण ती तळव्याला चोळून जास्तीची झटकून टाकायची, शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलावर, सांडू द्यायची नाही.