उंडीच्या तेलाचा व्यवसाय : आमची वाटचाल

कोकण किनाऱ्यावर पूर्वी लाकडी होड्यांना चोपडण्यासाठी आणि दिव्यात जाळण्यासाठी उंडी या झाडाच्या बियांचे कडू तेल सर्रास वापरले जाई. वीज आली, पाठोपाठ फायबरच्या होड्या आल्या आणि या तेलाचे गिऱ्हाईक संपले. झाडे मात्र किनाऱ्यावर तशीच उभी राहिली. आमचा मूळ धंदा खोबरेल तेलाचा. त्याला जोड म्हणून आम्ही उंडीकडे वळलो. हे तेल खाण्याचे नसल्यामुळे त्यासाठी शेड, एक्स्पेलर (बी दाबून तेल काढणारे यंत्र) आणि पिंपे पहिल्यापासून वेगळी ठेवली.

बी गोळा करण्याच्या कामी वटवाघळांची मोठी मदत होते. फळावरचा पातळ गर खाऊन ती बिया टाकून देतात, त्यामुळे त्यांच्या बसण्याच्या झाडाखाली बियांचा ढीगच सापडतो. गावातील बचत गटांच्या महिला त्या वेचून आणतात. पूर्वी आम्ही बी पायलीने मोजून घेत असू. आता वजनावर घेतो आणि ओल पाहूनच दर ठरवतो.

या व्यवसायातील खरी मेख वाळवणीत आहे. ताजी बी फोडली तर आतील गर पांढरट, टणक असतो आणि तो घाण्यात घातला तरी तेल जवळजवळ सुटत नाही. तोच गर कित्येक आठवडे सावकाश वाळवला की तपकिरी आणि चिकट होतो, बोटांनी दाबताच तेलाची ओल जाणवते, आणि मग त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल असते. पावसाळी हवेत गराला बुरशी धरली, तर तेलाची आम्लता इतकी वाढते की पुढे कितीही खर्च केला तरी नुकसान भरून निघत नाही. म्हणून आम्ही यंत्रांच्या आधी बंदिस्त वाळवणघर उभारले. त्याच्या भट्टीत उंडीच्याच बियांची टणक कवचे जळतात.

घाण्यातून उतरणारे तेल गर्द हिरवे, दाट आणि राळयुक्त असते. ते तापवून फॉस्फोरिक आम्लाने त्यातील डिंक खाली बसवावा लागतो. त्यानंतर कॉस्टिक सोडा घालून आम्लता मारण्याची नेहमीची पद्धत येथे परवडत नाही, कारण मुक्त आम्ल जास्त असल्याने बरेचसे तेल साबणाच्या गाळात निघून जाते. बायोडिझेल करायचे असल्यास आधी मिथेनॉल व सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून आम्लता दोन टक्क्यांच्या आत आणावी लागते आणि मगच अल्कली वापरून तेलाचे बायोडिझेल करण्याची पायरी घेता येते. भारतीय मानकानुसार तयार बायोडिझेलचे आम्लमूल्य (एका ग्रॅममधील आम्ल मारायला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) 0.50 पेक्षा जास्त चालत नाही.

2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. ते वाचून आम्हालाही उत्साह वाटला होता, परंतु वेचणाऱ्या हातांना रास्त मजुरी देऊन डिझेलच्या भावाशी बरोबरी करणे लहान कारखान्याला जमणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामुळे आमचा बहुतेक माल कपडे धुण्याच्या साबणासाठी, सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या) फळ्यांना लावण्याच्या तेलासाठी आणि लाकूड टिकवण्याच्या लेपासाठी जातो. कडू असल्यामुळे पेंड गुरांना चालत नाही, ती बागायतदार खत म्हणून नेतात. जुन्या लाकडी होड्या राखून असलेले काही मच्छीमारही अधूनमधून कॅन घेऊन येतात. त्यांना शुद्ध केलेले तेल नको असते, राळेसकट घाण्याचेच हवे असते, आणि लाकडावर चिवट थर धरण्यासाठी त्यांची ही मागणी योग्यच आहे.