पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची

शाळेने दिलेल्या त्या छापील अर्जाची एक प्रत अजून माझ्या कपाटात आहे. वर ठळक अक्षरांत ‘विद्यार्थ्याची समस्या’. खाली विद्यार्थ्याचं नाव, समस्येचं स्वरूप, पालकांनी घरी केलेले प्रयत्न. चार मुलं माझ्या मुलाला रोज मधल्या सुट्टीत घेरून चिडवत होती, आणि त्या अर्जावर नाव लिहायचं होतं ते माझ्या मुलाचं. त्या चौघांनी काय केलं याला रकाना नाही. शाळा काय करणार यालाही नाही. वर्ष उलटलं, तरी तो कागद हाती आला की माझं डोकं तापतं. आमचे यात अडीच महिने गेले. दुसऱ्या कुणा आईबापाचे निदान तेवढे तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

मुलगा जन्मला तोच दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन. चौथ्या महिन्यात ओठाची शस्त्रक्रिया झाली, वर्षाचा होता होता टाळूची. दोन्ही नीट पार पडल्या. मागे राहिलं ते एवढंच: नाकाखाली उभा व्रण, एका बाजूची किंचित बसलेली नाकपुडी, बोलताना नाकातून निसटणारी हवा आणि टाळूत एक बारीक छिद्र. त्या छिद्रातून कधीमधी प्यायलेलं पाणी नाकातून बाहेर येतं.

त्या पाण्यावरूनच मला सगळं कळलं. तो सात वर्षांचा होता. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत यायची. मी रागावायचो, पाणी का पीत नाहीस म्हणून. सकाळी पोट दुखतं म्हणायचा, हसताना तोंडावर हात ठेवायला लागला होता. पण या तिन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत हे माझ्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. एका रात्री दिवा मालवल्यावर, अंधारात, तो आपणहून म्हणाला, “बाबा, मी प्यायलो की ते बघायला येतात.”

मग एकेक निघालं. ‘फाटक्या’ म्हणतात, ‘गेंगाण्या’ म्हणतात. ‘पोपट म्हण, पोपट म्हण’ करत मागे लागतात. प, ब, ट अशी अक्षरं उच्चारताना तोंडात हवा कोंडावी लागते. त्याच्या टाळूतून ती नाकाकडे निसटते, म्हणून नेमका तो शब्द त्यांनी निवडला होता. आणि मी त्या अंधारात काय म्हणालो? “लक्ष देऊ नकोस.” त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी शाळेबद्दल एक अक्षर बोलला नाही. ‘लक्ष देऊ नकोस’ याचा अर्थ त्याने ‘मला सांगू नकोस’ असा घेतला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. मुलाने असं काही सांगितलं की आधी एवढंच म्हणा: मला सांगितलंस ते बरं केलंस. उपाय दुसऱ्या दिवशी सांगितला तरी चालतो.

आता शाळा. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “मुलंच ती, मस्करी करतात. त्याला जरा खंबीर करा.” आठवडाभराने पुन्हा गेलो तर म्हणाल्या, लेखी द्या. लेखी द्यायला गेलो तेव्हा तो अर्ज हातात आला. मी ‘पालकांनी घरी केलेले प्रयत्न’ या रकान्यापाशी अडलो. सात वर्षांच्या मुलाने दोन शस्त्रक्रिया सोसल्या आहेत, दर आठवड्याला वाचा-उपचाराला बसून फुंकर मारायला शिकतो आहे. अजून त्याने कोणता प्रयत्न करायचा? तो रकाना मी कोरा ठेवला. त्या कारणावरून अर्ज परत आला. अपूर्ण, म्हणे. त्यात बारा दिवस गेले.

पुन्हा भरून दिला. मग ‘चौकशी चालू आहे’ हे तीन वेळा ऐकलं. चौकशी कोण करतंय, हे विचारल्यावर कुणाचंही नाव मिळालं नाही. आणि एके दिवशी मला न कळवता त्यांनी मुलाला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावलं, ती चार मुलं समोर उभी केली, त्यांना ‘सॉरी’ म्हणायला लावलं आणि पाचही जणांना हात मिळवायला सांगितले. मुख्याध्यापिकांनी मला फोनवर आनंदाने कळवलं की मिटलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या चौघांनी त्याला ‘चुगलखोर’ हे नवं नाव दिलं.

हे तुमच्याकडे होऊ देऊ नका. दोन मित्र भांडले तर समोरासमोर बसवून मिटवता येतं. इथे भांडण नव्हतंच. छळवणुकीच्या अभ्यासात नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी केलेली व्याख्या सगळीकडे वापरली जाते: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. चौघांसमोर एकाला उभं करून हात मिळवायला लावलं की तो एकटा आणखी एकटा पडतो. पुढच्या भेटीत मी ही तीन लक्षणं एका कागदावर लिहून नेली आणि प्रत्येकापुढे माझ्या वहीतल्या तारखा लिहिल्या. ‘मस्करी’ हा शब्द त्या दिवसानंतर कुणी माझ्यासमोर वापरला नाही.

वहीचं आधीच सांगायला हवं होतं. पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, जागा, काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत, आजूबाजूला कोण होतं. मुलासमोर लिहू नका, उलटतपासणी वाटते. तो झोपल्यावर लिहा. ‘रोज त्रास देतात’ हे वाक्य ऐकून लोक मान डोलावतात. ‘अकरा दिवसांत नऊ वेळा, सात वेळा नळापाशी’ ऐकल्यावर हातात पेन घेतात.

त्या माफीनंतरही शाळेने काय केलं, तर माझ्या मुलाला पहिल्या बाकावर आणलं आणि मधल्या सुट्टीत वर्गातच बसायला सांगितलं. सुरक्षेसाठी! खेळायचं त्याने सोडायचं, आणि ती चौघं मैदानावर. त्या संध्याकाळी तो म्हणाला, “मला शिक्षा झाली का?” मी रात्रभर झोपलो नाही.

सकाळी शाळा उघडायच्या आधी दारात उभा राहिलो. आवाज चढवला नाही. चढवला असता तर गोष्ट माझ्या रागाची झाली असती. चार मागण्या लिहून नेल्या होत्या. मुलगा आजपासून मैदानावर जाईल. नळापाशी मधल्या सुट्टीत एक मोठं माणूस उभं असेल. त्या चौघांशी वेगवेगळं बोललं जाईल, माझ्या मुलाला समोर न आणता. आणि एका व्यक्तीचं नाव मला द्या, जिला मी दर शुक्रवारी विचारेन. खाली पुढच्या भेटीची तारीख घालून सही मागितली. नुसतं ‘काहीतरी करा’ म्हणत राहिलो तेव्हा त्यांनी काहीतरीच केलं होतं.

पाचवी गोष्ट तोंडी बोललो: बघ्यांशी बोला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात शाळेच्या मैदानावरच्या छळाचं चित्रण तपासलं होतं. बहुतेक वेळा इतर मुलं तिथे हजर होती, पण मध्ये पडली पाचातल्या जेमतेम एका प्रसंगात. आणि जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. हे ऐकून खेळाचे शिक्षक पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. पुढे शुक्रवारच्या फोनला त्यांचंच नाव मिळालं.

वर्गशिक्षिकांना वर्गात भाषण द्यायचं होतं, ‘देवाने सगळ्यांना वेगळं घडवलंय’ छापाचं, माझ्या मुलाला शेजारी उभं करून. मी म्हटलं, त्याला विचारतो. तो म्हणाला, “मी असताना नको. आणि बिचारा म्हणायचं नाही.” मग तो वाचा-उपचाराला गेलेला असताना बाईंनी वर्गाला साध्या शब्दांत सांगितलं: आईच्या पोटात असताना, पहिल्या दोन-अडीच महिन्यांत, चेहऱ्याचे भाग दोन बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतात. याचे ते पूर्ण जुळले नाहीत, डॉक्टरांनी जोडले. संसर्ग होत नाही, दुखत नाही. बाईंनी हे फार छान केलं, ते मोकळेपणाने सांगतो. मुलाला न विचारता मात्र असं कुणालाही करू देऊ नका.

घरी आम्ही काय केलं ते थोडक्यात. ब्रिटनमध्ये ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था आहे. स्वतःचा चेहरा तरुणपणी आगीत भाजलेल्या जेम्स पार्ट्रिज यांनी ती १९९२ साली सुरू केली. कुणी विचारलं तर थोडं सांगायचं, समोरच्याला निश्चिंत करायचं, मग विषय बदलायचा, ही त्यांची तीन पायऱ्यांची रीत. मी एक लांबलचक उत्तर तयार केलं होतं. मुलाने ते नाकारून स्वतःचं केलं: “माझा ओठ दोन तुकड्यांत आला होता. आता जोडलाय. तू गोलंदाजी करणार का?” महिनाभर रोज मी वेगवेगळी माणसं झालो, कधी आगाऊ मुलगा, कधी टक लावून बघणाऱ्या आजी, आणि त्याने मला उत्तरं दिली. खरोखर कुतूहलाने विचारणाऱ्याला हे उत्तर. चिडवणाऱ्याला उत्तर देणं बंधनकारक नाही, हेही शिकवलं. ‘थांब’ एवढंच मोठ्याने म्हणायचं आणि खेळाच्या सरांकडे चालू लागायचं.

रस्त्यात कुणी टक लावून बघितलं की तो आधी त्या माणसाकडे नाही, माझ्याकडे बघायचा. माझ्या कपाळावरची आठी वाचायचा. त्यामुळे आता मी आधी स्वतःला सावरतो, त्या माणसाकडे बघून मान हलवतो, चार शब्द बोलतो. याचा सराव मलाच जास्त करावा लागला.

आणि ज्यांच्या मनात येतंय त्यांच्यासाठी: हो, मीही सर्जनकडे गेलो होतो, व्रण आणि नाक लवकर नीट करा म्हणून. त्यांनी समजावलं. हिरडीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया साधारण आठ ते अकरा वर्षांदरम्यान, सुळा येण्याच्या सुमारास करतात. नाकाचं शेवटचं काम बहुधा चेहऱ्याची वाढ पुरी झाल्यावर. छिद्राचंही योग्य वेळी बघू म्हणाले. ऑपरेशन झालं की चिडवणं थांबेल, असं त्याला कधीही कबूल करू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. आम्ही ते पाळतो.

त्या चौघांपैकी एक आता त्याच्या संघात खेळतो. एक अजूनही अधूनमधून बोलतो, ते वहीत जातं. नव्या वर्षात नवा वर्ग, नव्या बाई. वर्ग सुरू व्हायच्या आठ दिवस आधीच मी त्यांना एक पान नेऊन दिलं, त्यातली शेवटची दोन वाक्यं मुलाने सांगितलेली. अर्जाचा नमुना बदला असं पत्र मी शाळेला दोनदा दिलंय. उत्तर आलेलं नाही, तिसरं लिहून ठेवलंय.

बाटली रिकामी येते. परवा अर्धी भरलेली आली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. विचारलं तर म्हणाला, “वेळच नाही मिळाला, शेवटचं षटक चालू होतं.”